जामखेडच्या उन्हात रॉकेटने मान टाकली

मंडळी, आज पार दमलोय. कित्येक रविवार घालवून घरीच कार्बन फायबरचं रॉकेट बनवलं. ते फायबर घट्ट बसवणारा चिकट पदार्थ, म्हणजे एपॉक्सी रेझिन, घेताना फक्त मजबुती बघितली, ऊन बघितलं नाही.

सकाळी उडवायला जामखेडला ओळखीचे शेतकरी बापू यांच्या पडीक रानात गेलो.

"आदी च्या घ्या, मग उडवा," बापू म्हणाले. रानात आलेल्याला ते बिनचहाचं सोडत नाहीत. रॉकेट बंद गाडीतच राहिलं.

चहा पिऊन येतो तर काय! गाडीच्या तापात रेझिन मऊ पडून रॉकेटचे पंख वाकलेले.

"आता उडनार न्हाई म्हना," बापू म्हणाले. "बसा, अजून एक च्या टाकतो."

उन्हात टिकणारं रेझिन कुणाला माहीत असेल तर सांगा. बापूंच्या चहाला नाही म्हणणं मला जमणार नाही.