खिशातले हात

आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी निवृत्त टर्नर. स्टीलचा पेला हाती आला तरी आधी नखाने वाजवून ऐकणार, मगच चहा पिणार.

मी घरी छोटं पेट्रोल इंजिन बनवणार म्हटल्यावर माझ्यापेक्षा तेच खूश झाले. "पहिलंच ना? मग एकच सिलिंडर ठेवा. मालाडला दोस्ताचं लेथ आहे, मी कातून देतो!"

मी मात्र सगळे भाग तयार असलेला संच मागवला. "हे सोपं पडेल," असं त्यांना सांगताना माझी नजर त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांवर गेली. खरं कारण तेच होतं.

इंजिन सुरू झालं तेव्हा ते आवर्जून आले. वाकून ऐकलं. "झकास! आवाज साफ आहे."

हिने चहा पुढे केला.

"नको, वहिनी."

दोन्ही हात शेवटपर्यंत खिशातच होते.