उदबत्ती लावून झोपवलेला नवरा

माझ्या नवऱ्याला मी एकदा कबरीवर ठेवून आले होते. जिवंतपणी! (आत्ता समोर बसून चहा पीत आहेत, काळजी नसावी.)

तेव्हा आम्ही भोसरीत नवीन. चाळीतल्या कुटुंबांनी समुद्राकाठचं जुनं पोर्तुगीज चर्च बघायला बस ठरवली आणि मी हट्टाने दोन जागा अडवल्या. हे मात्र रात्रपाळीवरून थेट बसमध्ये चढणार, आणि रात्री पुन्हा प्रेस मशीनवर उभे! सासूबाई कडाडल्या, "शालन, त्याची झोप न्हाई झाली आन् मशिनीवर डुलकी लागली, तर बोटं जातील. मग बस समुद्र बघत!"

"झोपवते की तिथे!" मी छातीठोक सांगितलं.

बसमध्ये भेंड्या रंगल्या, डोळ्याला डोळा कुठला! पण चर्चमागे गर्द सावली आणि ऐसपैस गार दगडी ओटे. वर कोरलेली नावं मला देणगीदारांची वाटली! हे आडवे होताच घोरायला लागले. दिवसा झोपताना तोंडावर उजेड चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड. माश्या नकोत म्हणून उशाशी उदबत्त्या. माझा गजरा बोचत होता, तो काढून त्यांच्या छातीवर ठेवला. (एवढं करूनही मला काही म्हणजे काही सुचलं नाही!)

तासाभराने परतले, तर चादरीभोवती चार माणसं माना खाली घालून उभी. काळ्या झग्यातली एक म्हातारी मेणबत्ती लावून मुसमुसत होती.

गेले! झोपेतच गेले! सासूबाईंना काय तोंड दाखवू?

"अहोऽऽ!" मी असा हंबरडा फोडला, की उरलेल्या तिघांनाही रडू फुटलं. म्हातारीने मला पोटाशी धरलं. "कसा गेला गो?"

"झोप झाली नाही हो त्यांची!"

तेवढ्यात चादर उठून बसली. "भोंगा झाला का?"

तिघे फाटकाबाहेर! आणि सगळ्यात मोठ्याने कोण किंचाळलं? मी. सख्खी बायको!

म्हातारी तेवढी जागची हलली नाही. त्या दगडाखाली तिचाच नवरा होता. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने मला उठवलं. मग म्हणाली,

"पोरी, माझा इथे वीस वर्षं निजलाय. एवढी रडले, कधी उठला नाय. तुझा पहिल्याच हाकेला उठला. ने त्याला सुखरूप घरी. पण आधी माझ्या नवऱ्याच्या अंगावरनं खाली उतरव!"