चावीवाली आणि दोन वादळं

तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं बाहेर निघायचं. एरवी सगळ्या वस्तीला ती चावीवाली. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून ती सकाळी निघायची, रस्त्यातलं झाकण बाजूला सारून चावी खड्ड्यात उतरवायची आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवायची. मग त्या गल्लीतले नळ आधी खोकायचे, मग वाहायला लागायचे. हे काम पूर्वी तिच्या नवऱ्याकडे होतं. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. पहिले काही महिने तिच्याने चावी हलता हलत नव्हती. पुढे दंडात बळ आलं आणि तोंडातही. नळावर भांडणाऱ्या बायकांना ती म्हणायची, नवऱ्याची बघितली नसेल एवढी वाट तुम्ही माझी बघता, जरा गोड बोला.

त्या वर्षी पाऊस सुरुवातीला बरा झाला आणि मग त्याने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. सप्टेंबर उजाडला तरी टेकडीवरचं तळं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. दुपारी समुद्रावरून ढग यायचे, आशा लावायचे आणि डोक्यावरून निघून जायचे. पाणी आधी दिवसाआड झालं, मग आठवड्यातून दोनदा. शिव्या अर्थातच चावीवालीला. जणू तळं तिनेच घरी नेऊन ठेवलं होतं.

त्यामुळे समुद्रात वादळ तयार होतंय अशी बातमी आली तेव्हा लोकांना भीतीआधी बरंच वाटलं. वादळ आलं की पाऊस येणार. तिलाही तसंच वाटलं होतं. येऊ दे एकदा, तळं तरी भरेल, असं ती बोलूनही गेली होती. हे बोलणं पुढे तिला फार छळणार होतं.

समुद्राला लागून असलेली खालची गल्ली रिकामी करायची ठरली. सगळी पत्र्याची घरं, भिंती अर्ध्या विटेच्या. लोकांना वरच्या शाळेत न्यायचं होतं. पाणीखात्याच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, तुला घरन् घर माहीत आहे, तुझं ऐकतील. आणि ऐकलंही. कुणाला दटावून, कुणाला हसवून, कुणाची कोंबडी स्वतः टोपलीत घालून तिने घरं रिकामी केली. अडून बसली ती फक्त शिवणवाली मावशी.

ही मावशी नात्याची नव्हे. पण नवरा गेला तेव्हा चावीवालीला आपल्या घरी नेऊन, समोर बसून दोन घास खाऊ घालणारी तीच. कामावर जायचे पहिले कपडेही तिनेच शिवून दिले होते. मुलगा लांबच्या शहरात ट्रक चालवायचा. मावशीचं हृदय नाजूक होतं. दिवसातून दोनदा गोळ्या असायच्या.

"मी नाही यायची. माझं मशीन इथे, मी इथे," मावशी म्हणाली.

"मशीन पोटमाळ्यावर चढवते. तुम्ही चला."

"आणि नाही आले तर?"

"तर मीही इथेच बसते. बुडू दोघी."

मावशीला हसू आलं. "लहानपणी आईला फार छळलं असशील तू," असं म्हणत तिने पिशवी उचलली.

शाळेच्या खिडक्यांना वाऱ्याच्या भीतीने फळ्या ठोकल्या होत्या. आत माणसांची दाटी आणि वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भट्टीसारखे तापले. पाण्याच्या टाकीचा तळ दिसायला लागला, तेव्हा साहेबांनी शाळेच्या नळाला पाणी सोडायला चावीवालीला पाठवलं. जाताना तिने मावशीला गोळी दिली, पदराने वारा घातला. जरा जीव घाबरल्यासारखा होतोय, पण तू जा, माणसं तहानली आहेत, असं मावशी म्हणाली.

ती परत आली तेव्हा मावशीभोवती गर्दी होती. नर्स गुडघ्यावर बसून नाडी शोधत होती, आणि मग तिने शोधणं थांबवलं.

संध्याकाळी कळलं, वादळ समुद्रातच वळलं. थेंबही पडला नाही. लोक गाठोडी घेऊन घरी गेले.

मुलगा आला. आईला पाहिलं, तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "आई तर घर सोडून कुठे जायची नाही. कुणी आणलं तिला?"

"मी," चावीवाली म्हणाली.

"गोळी दिली होती?"

"दिली होती."

"बरं," तो म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं. ते 'बरं' तिच्या काळजात रुतून बसलं. शेवटचं सगळं आटोपून तो मशीन टेम्पोत घालून निघून गेला.

वादळ आलं नाही, मावशी तेवढी गेली, हे वाक्य गल्लीभर फिरलं. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण ती आली की नळावरची बडबड थांबायची. एक बाई मात्र बोललीच. "बाई, तू पाणी सोड तेवढं. माणसं नको हलवूस." दोघी-तिघी हसल्या. एरवी चावीवालीने तिला जागच्या जागी गप्प केलं असतं. त्या दिवशी तिने मुकाट्याने झाकण लावलं आणि पुढे गेली.

ऊन तसंच तापत राहिलं. काही आठवड्यांनी पुन्हा इशारा आला. आकाश पुन्हा तसंच निरभ्र. साहेबांनी पुन्हा तिलाच पाठवलं आणि ती गेली. पण या वेळी ती कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेली नाही. दारातून सांगायची, पुढच्या दारी जायची. दुपारनंतर समुद्राचा रंग फिरला, तसे लोक आपणहून निघाले.

गल्लीच्या टोकाला धारवाला राहायचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, एकटा, थट्टेखोर म्हातारा. लेक शेजारच्या गावात दिलेली. तो पायाने चाक फिरवत बसला होता. तिला पाहून म्हणाला, "काय, मलाही शाळेत नेऊन मारतेस का?"

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याची बोलायची रीतच ती. पूर्वी तिने दोन शब्द सुनावून त्याचं चाक धरलं असतं आणि त्याला दंडाला धरून उठवलं असतं. आज तिने उंबरा ओलांडला नाही.

"बघा बुवा. सांगायचं काम मी केलं," ती म्हणाली आणि वळली. कोपऱ्यावर थांबून तिने मागे पाहिलं. चाक फिरत होतं. शेवटी परत चक्कर मारू, असं तिने ठरवलं. पण वारा सुटला, वरून पोरंबाळं सांभाळायला हाका आल्या आणि ती चक्कर राहून गेली.

वादळ पहाटे आलं. पाणी गल्लीत शिरलं, पत्रे पत्त्यांसारखे उडाले. मावशीच्या घराचा नुसता चौथरा राहिला. धारवाला मागच्या भिंतीखाली सापडला.

तिला कुणीही दोष दिला नाही. साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली, गल्ली वाचवलीस म्हणाले. म्हातारा हट्टीच होता, हे सगळ्यांचं मत. नळावर तिला बोललेली ती तोंडाळ बाई तिच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, मावशी असती तरी या वादळात गेलीच असती. चावीवालीला ते ऐकवेना. मावशी असती तर मी धारवाल्यालाही ओढून आणलं असतं, एवढंच तिच्या मनात आलं. पण हे सांगायचं कुणाला?

काही दिवसांनी धारवाल्याची लेक बापाचं चाक न्यायला आली आणि मुद्दाम तिला भेटली.

"कुणीतरी सांगायला गेलं होतं, हे ऐकून बरं वाटलं," लेक म्हणाली.

"मी एकदाच सांगितलं."

"दहादा सांगून ऐकणारे नव्हते ते."

"ते मला कसं कळणार? मी दहादा सांगितलं नाही ना."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात चावीवालीच्या हातावर होता. तो तिने काढून घेतला नाही. दोघींनी मिळून चाक हातगाडीवर चढवलं.

तळं भरलं होतं. पाणी रोज यायला लागलं आणि चावीवालीची वाट बघणं लोकांनी सोडून दिलं. ती पूर्वीसारखी थट्टा करत नसे. कुणी केली तर हसायची, तेही उशिरा.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता पुन्हा कोरडे दिवस आले आणि पुन्हा इशारा. ती खाली उतरली आणि प्रत्येक घराच्या आत जाऊन बसली. माणूस उठेपर्यंत हलली नाही. एकाने तिला मावशीवरून टोचलं. तिने ऐकून घेतलं आणि त्याची वळकटी आपल्या डोक्यावर घेतली. शाळेत तिने फळ्या ठोकू न देता दोन खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याखाली बसवलं.

ते वादळही आलं नाही. लोक कुरकुरत टेकडी उतरले. उगीच नेलं आम्हाला, असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत होते. ती सगळ्यांच्या मागून चालत होती. प्रत्येक दार उघडून माणसं आत गेलेली पाहून ती घरी आली, चपलाही न काढता भिंतीला टेकून बसली, आणि मावशी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.