खिडकी क्रमांक दोनची उत्पादकता

कर्मचारी : सित्सोफे अग्बेको. पद : रोखपाल, खिडकी क्रमांक दोन, हो शहर शाखा, घाना. वर्तणूक : समाधानकारक. चालू तिमाहीतील उत्पादकता : शून्य. शिफारस : पद रद्द करावे.

हा अहवाल अक्राच्या मुख्य कचेरीतून आला. शाखेत पैसे भरून घेणारं यंत्र बसवलं होतं, आणि त्यावरचा खर्च कारणी लागला की नाही हे मोजायचं होतं. मोजायची रीत सोपी : यंत्राने किती भरणे घेतले, माणसाने किती.

घोडं अडलं ते बाजारातल्या बायकांपाशी. धुरावलेली मासळी विकणाऱ्या आब्रा मावशीने यंत्र खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे मेलं घरच्यांची विचारपूस करत नाही," ती म्हणाली. "त्याच्या तोंडात मी सेदीच्या नोटा घालू होय?"

मग ती खिडकीशी आली. सित्सोफेची आई कशी आहे, गुडघा काय म्हणतो, भावांची शाळा कशी चाललीय, सगळं विचारून झाल्यावर तिने लुगड्याची गाठ सोडली. मागे रांग होतीच.

तोडगा शाखाधिकारी सेनानू यांनी काढला. "पैसे तू घे, पण जाऊन यंत्रात टाक. आकडे दिसले पाहिजेत."

"आणि माझ्या नावावर काय दिसेल, साहेब?"

"तुझं मी बघतो ना."

तिमाहीभर सित्सोफे विचारपूस करी, नोटा घेई, उठून यंत्राशी जाई, त्या मांडीवर सरळ करून एकेक आत सारी. यंत्र चुरगळलेली नोट थुंकून टाकत असे. मग अहवाल आला. तो घेऊन ती साहेबांकडे गेली.

"बघतो म्हणाला होतात."

"बघितलं की. नोटा तूच टाकतेस, हे कळवलं त्यांना."

"मग?"

"त्याला रकाना नाही म्हणाले."

"माझ्या घरी चार माणसं जेवतात, साहेब. त्यांना सांगू, रकाना नाही?"

साहेबांनी अहवाल तिच्या हातून घेऊन फायलीला लावला.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राला हात लावला नाही. यंत्राची उत्पादकता शून्य भरली. अक्राहून लगोलग उत्तर आलं : खिडकी उघडी असल्याने ग्राहक यंत्राकडे वळत नाहीत, पद तात्काळ रद्द.

खिडकी बंद झाली आणि बाजार शेजारच्या बँकेत गेला. तेव्हा शाखेने 'यंत्र-सहायक' नेमायची परवानगी मागितली. ती मिळाली.

सित्सोफे सध्या त्याच खिडकीत कंत्राटावर बसते. पगार पूर्वीच्या निम्मा आहे आणि तो तंत्रज्ञानाच्या खर्चात धरला जातो.