म्हैस एक की दोन

माझं लग्न म्हशीमुळं जमलं, असं आमच्या नात्यात सगळे सांगतात. साफ खोटं! म्हशीनं काय केलं? पाणी प्यायली आणि गेली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोल्हापुरातले ख्रिस्ती, बाबा कोर्टात कारकून. जन्मभर साक्षी ऐकून त्यांचे कान इतके तयार झाले होते, की घरात थाप मारायची सोय नव्हती.

मला बघायला मिरजेचे पावणं आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे. सोबत त्यांचे मामा. मी चहा-पोहे घेऊन बाहेर गेले तर लग्नाचं राहिलं बाजूला, बाबांची आणि पावण्यांची बायबलातल्या शुभवर्तमानांवरून जुंपलेली.

पावणं म्हणत होते, "येशूच्या कबरीपाशी एकानं एक देवदूत लिहिलाय, दुसऱ्यानं दोन. त्यात घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिलेलं. इतिहास म्हणून भरवसा कसा ठेवायचा?"

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. हे लक्षण वाईट.

"अवो, चार साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले की आमचं जज्जसाहेब समजत्यात, पढवल्यात म्हणून! खऱ्या साक्षीत एवढंतेवढं इकडंतिकडं व्हतंयच. आणि बघा, प्रभूला धरून नेलं तवा पट्टशिष्य त्याला ओळखतच न्हाय म्हणाला. बाकीचं पळून गेलं. हे लिवलंय की त्यात! रचायचंच असतं तर असलं लिवलं असतं? स्वतःची फजिती कोण रचतंय?"

पावण्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

अगं बाई! आधीच्या स्थळांनी मला पुरणपोळी येते का, एवढंच विचारलेलं. मला काय वाटतं हे जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं आणि मला माणूस तिथंच आवडला. पण अक्कल नेमकी शेण खायला गेलेली. "चहा गार होतोय," एवढंच तोंडातून निघालं.

पावणं हात धुवायला परसात गेले. बाबा आत येऊन आईला म्हणाले, "शास्त्रावर शंका घेणाऱ्याला पोरगी द्यायची न्हाय. विषय संपला."

तेवढ्यात परसातून आरोळी आली, "आई गंऽऽ!"

मी खिडकीतून बघितलं. गवळ्याची म्हैस आमच्या हौदावर आली होती. पावणं जळणाच्या शेणींच्या ढिगावर चढलेले, ढीग खचलेला आणि इतिहास गुडघ्यापर्यंत शेणींत.

सगळे धावले. मामा म्हणाले, "दोन म्हशी शिंगं रोखून आल्या!" आई म्हणाली, "एकच, पण मारकी." गवळी बोंबलला, "माझी म्हस गरीब गाय हाय की!" म्हैस मात्र कधीच निघून गेलेली.

पावण्यांची लाज वाचली तर बाबांचं मन वळेल, असं वाटून मी ठोकून दिलं, "मी बघितलं! ह्यांनी म्हशीला हाकललं."

बाबांनी पावण्यांकडं बघितलं. "व्हय?"

नुसतं हो म्हणायचं होतं हो! पण नाही. पँटला चिकटलेला शेणाचा तुकडा झटकत ते म्हणाले, "नाही. म्हैस एकच होती, पाणी प्यायला आलेली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी घाबरून चढलो आणि ओरडलो."

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि कुठनं बळ आलं कोण जाणे, मी म्हणाले, "बाबा, स्वतःची फजिती कोण रचतंय?"

जन्मभराचा कारकून स्वतःच्याच जबानीत सापडला होता. बाबांनी पावण्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, तुमी खरं बोलणारा माणूस. खोटी साक्ष दिली ती आमच्या पोरीनं. आता इचार तुमी करायचा."

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. "चहा गरम करून मिळेल का?" म्हणाले.