न चाखलेला द्राक्षरस

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरीबरोबर घ्यायचा, द्राक्षरस विकत आणत नाहीत. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या आणि साखर घालून पुन्हा आटवायच्या. हे काम अनेक वर्षे माझी आत्या करत आली आहे. मात्र चर्चमध्ये त्या रसाच्या पेल्यांचे तबक समोर आले, की ती मान खाली घालून ते शेजारच्या व्यक्तीकडे सरकवायची. इतकेच काय, घरी साखर बरोबर पडली का, हेदेखील ती चाखून पाहत नसे. त्या चमच्यासाठी लहानपणापासून मलाच हाक येई.

कारण सर्वांना ठाऊक होते. तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला, तेव्हा भर उपासनेत उभी राहून ती म्हणाली होती, "वर कुणी नाय. मी सोडलं देवाला." त्यानंतर ती कित्येक वर्षे चर्चची पायरी चढली नाही. मग एका रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसली. पाळकांनी तिला कधी अडवले नाही. तिनेच स्वतःला अडवले. ज्यांनी देवाची कृपा एकदा अनुभवली आणि तरीही जे पतित झाले, त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणे अशक्य आहे, अशा आशयाचा एक उतारा शास्त्रात आहे. तो आपल्यासाठीच लिहिला आहे, अशी तिची खात्री होती.

यंदा तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी घरी येऊन प्रभुभोजन देतो, असे पाळक म्हणाले. तिने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मनुका मात्र भिजत घातल्या.

मी वाळूजच्या एका औषध कारखान्यात नमुने तपासते आणि लवकरच संशोधनासाठी परदेशी जाणार आहे. पुराव्याविना काढलेला निष्कर्ष मला सोसत नाही. रस गाळता गाळता मी तिला म्हटले, "आत्या, ज्याचं मन खरंच दगड झालं, त्याला भीती वाटत नाही. तुला वाटते. म्हणजे तू पतित नाहीस."

"पाळकसाहेबबी हेच सांगत्यात," ती म्हणाली. "त्यांना पगार त्याचाच हाय. तुला कोण देतंय?"

मी हसले, आणि मग माझ्या मते निर्णायक असा मुद्दा मांडला. "माझंच बघ ना. माझा विश्वास कॉलेजातच संपला. तरी दर वेळी प्रभुभोजन घेते. विश्वासाविना घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो म्हणतात; काय झालं मला?"

तिने गॅस बंद केला.

"दर वेळी?"

"हो."

"बापाला ठावं हाय?"

"नाही."

"आन् मी इतके दिस तुलाच चाखाया लावत व्हते." तिने माझ्या हातातला चमचा काढून घेतला, पातेल्यात बुडवला आणि स्वतः ओठांना लावला. "साखर कमी हाय," एवढेच म्हणाली. मी तिच्यावर उपचार करायला निघाले होते. तिने रुग्ण बदलला होता.

दुसऱ्या दिवशी पाळक आले. बाबा, आत्या आणि मी बैठकीत बसलो. पाळकांनी आत्मपरीक्षेसाठी क्षणभर शांत राहायला सांगितले, तेव्हा आत्या म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्याआधी हिच्यासाठी देवाकडं मागा."

"हिला काय झालं?" बाबांनी विचारले.

मी आत्याकडे पाहिले.

"परदेशी चाललीय ना," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

प्रार्थना झाली. आत्याने भाकर घेतली. मग लहानसा पेला उचलला. थेंबभर रस पदरावर सांडला. ती प्यायली. तिच्या चेहऱ्यावर मला समाधान शोधायचे होते. तिथे माझी काळजी होती, दुसरे काहीच नव्हते.

तबक माझ्याकडे आले. वर्षानुवर्षे मी तो पेला काहीही न वाटता उचलला होता. त्या दिवशी हात उठला नाही. आत्या इतकी वर्षे सरकवायची, तसेच मी तबक बाबांकडे सरकवले. त्यांनी ते धरले, पण पेला उचलला नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले.