माझी आफ्रिका ठाण्यात होती

आफ्रिकेत मी किती सिंह मारले याचा हिशेब आता माझ्याकडे राहिलेला नाही. कल्याणातल्या आमच्या ओटीवर संध्याकाळी जसजशी माणसं वाढत, तसतसे सिंहही वाढत. एकाला तर मी गोळी न घालताच घालवला. तो रुळावर आडवा बसला होता, मी हिरवा कंदील दाखवला, आणि तो उठून शिस्तीत पुढे निघून गेला. ऐकणारे गुडघ्यावर थापा मारायचे.

माझी खरी आफ्रिका डोंबिवली, दिवा, मुंब्रा ओलांडलं की लागायची. मालधक्क्यावर कारकून असताना कापडाचे गठ्ठे पळवणाऱ्यांना मी आतून दार उघडून दिलं होतं. त्याची शिक्षा मी ठाण्याच्या तुरुंगात भोगली. तेवढ्यात बायकोने बिऱ्हाड हलवून कल्याणच्या कडेला, भातखाचरांना लागून नेलं आणि नव्या शेजाऱ्यांना सांगितलं, 'हे आफ्रिकेला गेलेत, रेल्वेच्या कामावर. ह्यांची खबर ठाण्याला बोटीच्या कचेरीत मिळते.' जन्मात तिने मारलेली ही एकच थाप. सुटून आलो तेव्हा ती मला बांधलेल्या घरासारखी तयार मिळाली, आणि मी तिच्यावर मजले चढवत सुटलो. बायको आत चुलीपाशी ऐकत असायची. कधी हसली नाही.

सुटलेल्यांना पुन्हा उभं करणारं एक मंडळ होतं. तुरुंगात मी सतरंज्या विणायला शिकलो होतो म्हणून मंडळाने घरी माग बसवून दिला. सूत ते पुरवायचे, सतरंज्या तेच उचलायचे. मी विणायचो, बायको सूत गुंडाळून कांड्या भरायची. रेल्वेचा माणूस सतरंज्या कसा विणतो, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: तिकडे जमीन इतकी तापते की गाडीच्या डब्यातल्या सिंहांनासुद्धा खाली काहीतरी अंथरावं लागतं. मंडळाचे एक निवृत्त मास्तर महिन्यातून एकदा सायकलवरून विचारपूस करायला येत. त्यांना मी बोटकंपनीचे साहेब करून टाकलं होतं. साहेब सायकलवर का, तर त्यांची मोटार पाणघोड्याने चेपली. मास्तर बशीत बघत चहा प्यायचे.

शेजारचा आगरी गडी माझा सगळ्यात पक्का श्रोता. मालकाचं भाताचं शेत तो कुळाने कसायचा, त्याचा बापही तेच कसायचा. एका संध्याकाळी बाकीचे उठून गेले तरी तो बसून राहिला.

"भाऊ, मना पन जायाचा हाय."

"कुठं?"

"तुमच्या आफ्रिकेला. साहेबाला सांगा ना. सकाली मालकाला शेताचा राजीनामा देतंय. मालक बोलला, खुशाल जा."

मालक खुशाल म्हणणारच. कुळाची जमीन कुळाच्या नावावर होणार, अशी बोलणी तेव्हा गावोगाव चालू होती. याने कागदावर अंगठा उठवला की बापाने कसलेलं शेत कायमचं हातचं जाणार होतं, आणि तेही माझ्या सिंहांपायी. मी "बघू" म्हणालो.

सकाळी नेमके मास्तर आले. मी त्यांच्या सायकलचं हँडल धरलं आणि रात्रीचं सगळं सांगितलं. "मास्तर, तुम्हीच सांगा त्याला. तुमचं तो ऐकेल."

"कुणाच्या दारात आम्ही तुरुंगाचं नाव काढत नाही, मंडळाचा नियम आहे. काढायचं तर तुम्ही काढा," ते म्हणाले आणि ओटीवर बसून राहिले.

एवढ्यात शेजारचा गडी धुतलेला सदरा घालून मालकाकडे निघालेला दिसला. मी त्याला आमच्या दारातच अडवलं. "अरे, मी आफ्रिका पाहिलेलीच नाही. ठाण्याच्या तुरुंगात होतो. चोरीत."

तो गालातल्या गालात हसला. "काय पन भाऊ. आता तुरुंग काय? तिथं पन सिंव होता?"

मी तुरुंगातलं सांगायला लागलो. पण जन्माची सवय. बोलता बोलता भिंत मलंगगडाएवढी झाली, भाकरी गाडीच्या चाकाएवढी झाली. मला ऐकू येत होतं, तरी थांबता येईना. तो म्हणाला, "ह्ये बेस हाय, संध्याकाली पुरा सांगा," आणि वळला.

"भावजी." बायको दारात आली होती, हातात अर्धी भरलेली कांडी. "हे खरं सांगतायत. मी ठाण्याला जायचे ते बोटीच्या कचेरीत नाही. गजांपाशी उभी राहून ह्यांना भेटून यायचे. राजीनामा देऊ नका."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली होती. तो पायरीवर बसला, टोपी काढली, परत घातली. "वैनी, तुमी कशाला खोटा बोलाल," म्हणाला आणि शेताकडे चालू लागला.

त्याचं शेत राहिलं. पण दुपारी त्याच्या बायकोला कळलं आणि दिवे लागेपर्यंत आळीला. मला कुणी काही बोललं नाही, उलट दोघा-तिघांनी पाठीवर हात ठेवला. पुरुषाचं असंच असतं. ज्या थापेने तिने आमची अब्रू झाकली होती, ती मी ताणताणून एवढी केली की शेवटी तिलाच चारचौघांत ती फेडावी लागली.

संक्रांतीला आळीतल्या एकाही घरून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. नवं लुगडं नेसून ती कांड्या भरत बसली. भिंतीपलीकडे बायकांची ये-जा, बांगड्यांचा आवाज. तिला जरा हसवावं म्हणून मी तोंड उघडलं.

"विणा," ती म्हणाली.

मी विणत राहिलो.